सोडवून आणलेली कोडी

आम्ही नवरा-बायकोनं सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे जिन्याच्या पायरीवर बसून मोबाईलमधली चित्रं बघितली. दसरा नुकताच झाला होता. ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. तिचा चष्मा घरात राहिला होता आन् उठायचा दोघांनाबी कंटाळा. म्हणून तिनं मोबाईल माझ्या हातात दिला. म्हणली, "तुम्ही सांगा काय दिसतंय. मी सांगते ठेवायचं का नाय."

मी सांगत गेलो. "गाय हाय. लांब तिकडं वासरू हाय. मधी नुसत्या गल्ल्याच गल्ल्या."

"ठेवा."

"कंदील हाय. रंग नाय त्याला."

"ठेवा. धाकट्या नातीला रंगवायला होईल."

"हे नुसते ठिपके. गोवर आल्यावानी."

ती हसली. "ठेवा हो. ते जोडले का मोर होतो."

"आन् हे? एकाच बाईची दोन चित्रं शेजारी शेजारी. छापणाऱ्याची चूक झाली वाटतं."

"चूक नाय ती. दोन्हीत काय फरक हाय ते हुडकायचं असतं. जन्मभर लोकांचे कूलर उघडून बसलात, एवढं कळंना?"

"कूलरमधी दोन चित्रं नसतात," मी म्हणलं.

मग गवार निवडायची राहिली म्हणून ती उठली. एवढंच. त्याच्यापुढं दोन-तीन दिसांत, दुपारी भांडी घासता घासता ती नळापाशी बसली ती बसली. मी आतून हाक मारली, तिनं ओ दिली नाय. डॉक्टर म्हणले, हृदय. मी पुढं विचारलं नाय. विचारून काय हाती लागणार होतं.

हे कागदांचं खूळ तिचं. आमचं घर पुंडलिकनगरात, खालच्या मजल्यावर दोन खोल्या. दर दिवाळीला थोरल्या लेकाची दोन लेकरं पुण्याहून यायची आन् लेकीची तीन जालन्याहून. आधी लेकरं भांडायची, ते परवडायचं. भांडणाला आवाज असतो, कुठं काय चाललंय ते कळतं. मग मोबाईल आले आन् घर गप झालं. एका दिवाळीला तिनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून बघितलं तर पाचीच्या पाची भिंतीला टेकून माना खाली घालून बसलेली. ती मला म्हणली, "अशी तर दवाखान्यात नंबर लावून बसत्यात. यासाठी बोलवायची का लेकरं?"

लेकीची थोरली मुलगी तवा सहावीत होती. तिनंच आजीला दाखवलं की मोबाईलवर असे कागद मिळतात. फुकट असतात, आपण फक्त छापून आणायचे. वाट शोधा, ठिपके जोडा, फरक ओळखा, शब्द हुडका. माझी बायको सातवी शिकलेली, म्हणजे माझ्यापेक्षा तीन इयत्ता वरच. तिला ते लई आवडलं. त्या सालापासून दिवाळीच्या आधी ती झेरॉक्सच्या दुकानात जायची आन् प्रत्येकाला पुरतील एवढे कागद आणायची.

वाटायची तिची रीत होती. सगळे कागद एकदम कधी द्यायची नाय. चकल्या तळायच्या वेळी एक, म्हणजे कोणी कढईपाशी येऊ नये. जेवणानंतर एक, म्हणजे मोठ्यांना पाठ टेकता यावी. भांडण पेटायला लागलं की एक. बक्षीस कधी ठेवलं नाय. म्हणायची, बक्षीस ठेवलं का एक हसतं आन् चार रडतात. सगळ्यांचे कागद कपड्याच्या चिमट्यांनी दोरीवर टांगायची, चुकलेला असो नायतर बरोबर. पाव्हणे आले का त्यांना ती दोरी बघावीच लागायची. मी खाटेवर पडून बघायचो. मला त्यातलं काय कळत नव्हतं, पण पडून बघायला बरं वाटायचं.

औंदा तेरवा झाला आन् लगेच दिवाळी आली. लेकरांना शाळेच्या सुट्ट्या, त्यामुळं सगळे इथंच. माझी थोरली बहीण, अक्का, गावाकडून आलेली. घर तिनं हातात घेतलं. वर्ष होईस्तोवर घरात सण नाय, तिनं पहिल्याच दिशी सांगितलं. कढई चढवायची नाय. कंदील नाय, रांगोळी नाय, फटाका नाय, नवा कपडा नाय. दिवा लावायचा तो देवापुढंच. आन् लेकरांचा आवाज रस्त्यावर जाऊ द्यायचा नाय, लोक नावं ठेवतात.

अक्कावर मला राग धरता येत नाय. ती पंचविशीच्या आत विधवा झाली. सासरी तिच्या हसण्यावर पहारा होता. जे तिनं सोसलं तेच तिला नियम म्हणून माहीत. माणूस आपल्याजवळ असंल तेच देतो.

तळण करायचं नाय म्हणून शेजारी फराळ आणून द्यायला लागले. अशा घरी शेजाऱ्यांनी फराळ द्यायचा, ही रीतच हाय. समोरची, वरच्या मजल्यावरची, कोपऱ्यावरच्या मास्तरांची सून, सगळ्यांनी ताटं आणली रुमालानं झाकून. लाडू, चिवडा, शंकरपाळे डब्यांत ओतून घेतले आन् ताटं ओट्यावर एकावर एक चढत गेली. परत करायची तर रिकामी कशी करायची? माझी बायको कुणाचं ताट रिकामं परत पाठवायची नाय. घरात काय नसलं तर साखरेची चिमूट टाकायची. अक्का म्हणली, "दुखाच्या घरून काय देत नसतेत. रिकामीच पाठवा." ते बरोबर होतं, पण ती ताटं उचलायला कुणाचा हात होईना. लेक रोज ती पुसायची आन् परत तिथंच ठेवायची.

लेकरं तर पार कोमेजली. रस्त्यावर फटाके वाजले का खिडकीला चिकटायची, अक्का आतून हटकायची. थोरल्याची धाकटी, पाच वर्षांची, माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आबा, तुमच्याकडे दिवाळी नाही का?"

"नाय."

"मग आपण कशाला आलो?"

तिची आई, म्हणजे आमची सून, लाजून म्हणली, "अगं, असं विचारत नाहीत." मी म्हणलं, "विचारू दे. बरोबर विचारतीय."

त्या संध्याकाळी थोरला माझ्याजवळ खाटेवर येऊन बसला. चांगला हाय माझा लेक, गोड बोलून फसवणारा नाय. हळू म्हणला, "बाबा, परवा पाडव्याला सकाळी आम्ही निघावं म्हणतो. ताईपण तिच्या घरी जाईल. तुम्ही पुण्याला चला. लेकरांना निदान लोकांचे कंदील तरी बघू द्या."

"लेकरांना तिनं बोलवलं होतं. भाऊबीजेपर्यंत."

"आई होती तेव्हा बोलवलं होतं, बाबा. आईला जमायचं. तुम्ही किती दमता दिसतं आम्हाला. इथं ती पोरं नुसती बसून असतात."

त्यात खोटं काय नव्हतं. पण मला एक दिसत होतं. यंदा लेकरं अशी गेली तर तिच्या घराची त्यांच्या मनात एकच आठवण राहणार. इथं गप बसायचं असतं. पुढच्या दिवाळीला दिवाळी पुण्यात होणार आन् मी तिथं पाव्हणा होऊन कोपऱ्यात बसणार. मग या घरात लेकरं यायची बंद. तिनं एवढी वर्षं जमवलेलं माझ्या हातानं मोडणार.

मी म्हणलं, "उद्याचा एक दिस दे मला. उद्या लेकरांना करमलं नाय तर परवा सकाळी खुशाल जावा. मी बॅगा उचलून गाडीत ठेवीन."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "उद्या काय करणार तुम्ही?"

"ते माझं मी बघीन."

काय करणार ते मला ठाऊक होतं. तिच्या मोबाईलमधी ते कागद होते. तो चालू करायची खूण मला येत होती, बोटानं घर काढल्यावानी. दुसऱ्या दिशी लक्ष्मीपूजन, आमच्या गल्लीतलं झेरॉक्सचं दुकान बंद. रिक्षा करून क्रांती चौकात गेलो. तिथं एक दुकान उघडं मिळालं. मालक तिशीतला, दाढीवाला, बोलायला गोड. मी मोबाईल त्याच्या हातात दिला आन् सांगितलं, लेकरांचे कागद हायेत, पाच पाच काढून दे.

त्यानं बोटानं पुढं मागं केलं. "चाचा, इसमें हर चीज दो-दो हैं. एक खाली है, एक भरेली है. कौनसी निकालूं?"

मी वाकून बघितलं. खरंच होतं. एका कागदावर नुसत्या गल्ल्या, दुसऱ्यावर त्याच गल्ल्यांतून लाल रेघ गायीपासून वासरापर्यंत गेलेली. एकावर ठिपके, दुसऱ्यावर मोर. एकावर रिकामे चौकोन, दुसऱ्यावर अक्षरं भरलेली. मला इचार करावा लागला नाय.

"भरेली निकाल."

"सोच लो चाचा. खालीवाली लेते लोग."

"सोचना क्या? सण हाय. लेकरांना रिकामं काय द्यायचं?"

त्यानं मान हलवली. "बात तो सही है. त्योहार में खाली नहीं देते." आन् मशीन चालू केलं.

कागद निघत होते तेवढ्यात मोबाईल वाजायला लागला. तिच्या गोळीचा गजर. नातीनं 'आजीची गोळी' असं नाव घालून लावून दिला होता, तो रोज त्या वेळी वाजतो. मी बंद केला नाय अजून. तो म्हणला, "चाचा, चाची की दवा का टाइम हुआ."

"चाची नाय आता."

त्यानं मोबाईल खाली ठेवला. वाजून वाजून गप होईस्तोवर आम्ही दोघंबी उभे राहिलो. मग त्यानं आतून एक कडक फाईल काढली आन् कागद तिच्यात घातले. "मुड़ेंगे नहीं," म्हणला. फाईलीचं त्यानं काय घेतलं नाय.

दुपारची जेवणं झाली. बॅगा दाराशी येऊन बसल्या होत्या, सुनेनं सकाळीच भरून ठेवल्या होत्या. मी लेकरांना हॉलमधी बोलवलं. तिची रीत मला जमणारी नव्हती. मी सगळा गठ्ठा एकदम वाटला.

पाची जणं कागदाकडं बघत राहिली. मला वाटलं, आजीच्या आठवणीनं गप झाली. मग थोरल्याचा नऊ वर्षांचा पोरगा म्हणला, "आबा, हे तर सुटलेलं आहे."

"काय सुटलं?"

"कोडं! रेघ काढलेलीच आहे. सगळी उत्तरं आहेत यात."

"मग चांगलंच की. तुमचे कष्ट वाचले."

लेकीची धाकटी दोघं पोरं एकमेकांकडं बघून फुटली. एक जण तर फरशीवर आडवा झाला. "आबांनी सोडवून आणली! आबांनी परीक्षेला जायच्या आधीच पेपर तपासून आणला!" सगळी हसायला लागली, पाच वर्षांचीबी हसली, तिला काय कळलं नव्हतं तरी. आतून अक्काचा आवाज आला, "कोण हसतंय रे?"

हसले त्याचं मला काय वाटलं नाय. थोरला दारात उभा होता, तो हसला नाय त्याचं वाटलं. तो लई मऊ आवाजात म्हणला, "राहू द्या बाबा. तुम्ही प्रयत्न केला." माझ्या लेकाला माझी कीव आली. मी दाराशी ठेवलेल्या बॅगांकडं बघितलं. म्हणलं, गेली दिवाळी.

थोरली नात आता आठवीत. ती उठून माझ्याजवळ आली. "आबा, ही उत्तरं असतात. शेवटी देतात, तपासायला. आजी ती काढायचीच नाही."

"मग रिकामे काढायचे होते?"

"हो."

"सणाचं रिकामं कसं द्यायचं, म्हणून मी भरलेले घेतले."

ती हसली नाय. तिनं कागद उलटा केला. दुसरीकडं कोरा. मग तो खिडकीच्या काचेला लावून धरला. बाहेर ऊन होतं. पलीकडच्या गल्ल्या उजेडानं इकडं दिसायला लागल्या.

"पेन्सिल द्या कोणीतरी," ती म्हणली.

तिनं मागच्या बाजूनं गल्ल्या गिरवल्या आन् लाल रेघ तेवढी सोडली. झालं. रिकामं कोडं तयार. एका खिडकीला पाच जण चिकटले. आतापर्यंत त्याच खिडकीतून दुसऱ्यांची दिवाळी बघत होते, आता तिच्याच काचेला कोपरं टेकून काम चाललेलं. धाकटीनं लाल रेघसुद्धा गिरवली. भाऊ ओरडला, "अगं, ती नाही काढायची!" ती म्हणली, "मग गाय रस्ता चुकेल ना."

थोड्या वेळानं गिरवायचा कंटाळा आला, तवा ती आपल्या मनानं काढायला लागली. लेकीच्या एका पोरानं क्रांती चौकापासून आमच्या घरापर्यंतची वाट काढली. एका टोकाला मी, हातात फाईल. दुसऱ्या टोकाला घर. मधी बंद गल्ल्या. एका बंद गल्लीत कुत्रं, एकीत खड्डा, आन् एकीत एक म्हातारी कमरेवर हात ठेवून. खाली लिहिलं होतं, 'इथं अक्काआजी. मागं फिरा.'

ते कुणी बघू नये म्हणून तो कागद लपवायला गेला, तोवर अक्का पाठीमागं येऊन उभी. तिनं कागद हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरून बघितला.

"ही मी काय?"

पोरगं भिंतीकडं सरकलं.

"मी रस्ता अडवते व्हय रे?"

"नाही, म्हणजे, खेळात आहे ते," पोरगं पुटपुटलं.

अक्कानं अजून बघितलं. "काठी कुठाय माझी? काठीशिवाय मी कशी उभी ऱ्हाईन? काढ काठी." आन् कागद परत देऊन ती खाटेवर टेकली. गेली नाय आत. थोड्या वेळानं तिचा आवाज आला, "अगं पोरी, मोराचं पोट तांबडं नसतं. निळं दे."

मग थोरल्याच्या पोरानं माझ्यापुढं एक कागद आणला. फरक ओळखा. त्यानं आमचा हॉल दोनदा काढला होता. एक मागच्या दिवाळीचा, एक यंदाचा. "आबा, तुम्ही ओळखा. पाच फरक आहेत."

त्याची आई एकदम म्हणली, "अरे, हे कशाला..." मी हातानं तिला थांबवलं. बघायला लागलो. कंदील नाय. रांगोळी नाय. दोरीवर कागद नायत. मी बोट ठेवत गेलो.

"अजून दोन," तो म्हणला.

"आजी," मी म्हणलं.

"हां. ती तर सोपी होती. अजून एक."

मी लई वेळ बघितलं. पंखा तोच, खाट तीच. "नाय सापडत."

"तुमच्या पायात बघा ना!"

बघितलं. दुसऱ्या चित्रातल्या माझ्या एका पायात काळी चप्पल होती आन् एका पायात तपकिरी. मी मान वाकवून दाराकडं बघितलं. दारात माझी चप्पल होती, एक काळी, एक तपकिरी. क्रांती चौकात मी तसाच जाऊन आलो होतो. किती दिस तसा फिरत होतो कुणास ठाऊक. चप्पल बघून सांगणारी नव्हती, मोठ्यांपैकी कुणी सांगितलं नाय, पोरानं मात्र टिपून ठेवलं.

"लेका, तवाच सांगायचं ना," मी म्हणलं.

"मग कोडं कसं झालं असतं?"

मला हसू आलं. तिच्यामागं पहिल्यांदा आलं. सून तोंडाला पदर लावून आत गेली, हसत होती का रडत होती मला दिसलं नाय.

सांजेला कागदांचा ढीग झाला. थोरली नात पाणी प्यायला आत गेली ती ताटांपाशी थांबली. बाहेर येऊन म्हणली, "आबा, एकेका ताटात एकेक कोडं ठेवून देऊ का? सगळ्यांच्या घरी लहान मुलं आहेत."

अक्का लगेच म्हणली, "नाय बाई. दुखाच्या घरून काय द्यायचं नसतं."

"खायचं द्यायचं नसतं अक्का. हा कागद हाय," मी म्हणलं.

"कागद झाला म्हणून काय झालं?"

"कागदाला सुतक नसतं."

"कुणी सांगितलं तुला?"

"मीच सांगतोय. तिनं कधी कुणाचं ताट रिकामं पाठवलं नाय. तिच्याच माघारी, तिच्याच घरातून, मी पाठवायचं व्हय?"

मला वाटलं, अक्का आता उठून जाणार. तिनं काठीनं फरशीवर एक ठोका दिला आन् म्हणली, "मग ताटं नीट कोरडी करा. कागद भिजंल."

पाची जण एकेक ताट घेऊन निघाली. मी दारात उभा राहून बघितलं. जिन्यानं वर गेली, समोर गेली, कोपऱ्यावर गेली. कुणाच्या दारात पणत्या, कुणाच्या दारात कंदील. आमची लेकरं रोजच्या कपड्यांत, हातात ताट, ताटात कागद. समोरचीनं दार उघडून ताटात बघितलं, मग आमच्या दाराकडं बघितलं, आन् पदर सावरून ताट दोन्ही हातांनी घेतलं.

दिवे लागले तशी शेजारची पोरं यायला लागली. नवे कपडे, अंगाला वासाचं तेल, हातात आमचेच कागद. "आजोबा, याचं उत्तर कुठंय?" उत्तर कुठंच नव्हतं. ज्यानं कोडं काढलं त्यालाच विचारावं लागायचं. मग तो सांगायचा, मग ते भांडायचे, असं नसतंच म्हणून. अक्काची बंद गल्ली तर सगळ्यांना पाहिजे होती. कुणी फटाका आणला नाय, कुणी दिवा लावला नाय. नुसती पोरं फरशीवर बसली आन् हॉल भरून गेला. आवाज रस्त्यावर गेला असणार. अक्कानं उठून खिडकी लावली. थोड्या वेळानं तिनंच उघडली. "उकडायलंय," म्हणली.

लेक आत भाताला फोडणी देत होती. ती मला म्हणली, "बाबा, किती दिसांनी वाटतंय घरात कुणी हाय." मी म्हणलं, "भात जास्ती टाक."

सगळी गेल्यावर लेकरं जिथं बसली होती तिथंच झोपली. थोरला दाराशी गेला, बॅगा उचलल्या. त्यानं त्या माझ्या खाटेखाली सरकवल्या. मग मोबाईल काढून गाडीवाल्याला फोन लावला. "उद्या नको. भाऊबीज झाल्यावर सांगतो." फोन ठेवून तो लेकरांत जागा करून आडवा झाला, लहानपणी व्हायचा तसा, भिंतीकडं तोंड करून.

सकाळी पाडवा. पाडव्याला ती मला तेल लावायची, ओवाळायची. मी उठलो आन् थोडा वेळ खाटेवर बसून राहिलो. मग गल्लीत दूधवाल्याच्या गाडीचा आवाज आला, म्हणून उठून बाहेर गेलो.

"काका, पाव्हणे गेले का?" तो म्हणला. "अर्धा लिटर घालू?"

"नाय गेले. भाऊबीजेपर्यंत हायेत."

"मग किती?"

"लेकरं पाच, मोठी माणसं वेगळी. तूच बघून घाल."

त्यानं मापं टाकली. माझं भांडं पुरंना. त्याला थांबवून आत आलो आन् मोठं पातेलं हुडकायला लागलो. खालच्या फळीवर नव्हतं, ओट्याखाली नव्हतं. माळ्यावर तांदळाच्या डब्यामागं उलटं घातलेलं सापडलं. धुतलं, दूध घेतलं, गॅसवर ठेवलं. दूध तापवायचं काम तिनं मला कधी दिलं नव्हतं, मी विसरतो म्हणून. मी सांडशी हातात घेऊन तिथंच उभा राहिलो. बाहेर लेकरं झोपलेली, कुणाच्या डोक्याखाली कागद, कुणाच्या पायाखाली. अक्का जागी झाली होती, आवाज न करता बसून होती. दूध वर यायला लागलं तसा मी गॅस बारीक केला.